हरकत क्रमांक २१२

रजा संपवून मी कामावर परतले तेव्हा आमचा भोपळा दहा महिन्यांचा होता. भोपळा हे नाव त्याच्या बापाने ठेवलं, कारण त्याला कडेवर घेतलं की माणूस आपोआप एका बाजूला कलतो. पहिल्या दिवशी निघताना सासूबाई म्हणाल्या की मागे वळून बघू नकोस, तो रडणार नाही, तूच रडशील. मी वळून बघितलंच. तो जमिनीवर बसून कपाटाची किल्ली चोखत होता आणि माझ्याकडे त्याचं लक्षही नव्हतं. रडले मीच.

आमचं ऑफिस विमानवाहतुकीचे नियम करतं. विमानांशी आमचा संबंध म्हणाल तर ती खिडकीतून दिसतात, एवढाच. आमच्या मजल्यावर मसुदे तयार होतात, त्यांवर हरकती-सूचना मागवल्या जातात, आणि माझ्या टेबलावर शेवटचा प्रश्न येतो: हा नियम केला तर नक्की काय होईल? पूर्वी हे कुणी विचारत नसे. ज्याचा आवाज मोठा त्याचा नियम. कंपन्यांची माणसं इस्त्रीचे कपडे घालून येत, टेबलावर हात आपटून जात, आणि मसुदा शेपटीसारखा त्यांच्या मागे जाई. ते थांबावं म्हणून आम्ही तीन वर्षं राबून नवी पद्धत बसवली. आधी आकडा, मग मत. त्या पद्धतीची पुस्तिका मी लिहिली होती. खोटं कशाला बोलू, मला तिचा अभिमान होता.

टेबलावर माझीच जुनी फाइल वाट बघत होती. दोन वर्षांखालचं मूल विमानात आईच्या नाहीतर बापाच्या मांडीवर बसतं. मोठ्यांना पट्टा, सामानाला झाकणाचा कप्पा, गरम पाण्याच्या भांड्यालाही कडी; मुलाला मात्र आईचे दोन हात. त्याला स्वतःची खुर्ची आणि खुर्चीत बांधायचं छोटं आसन सक्तीचं करावं की नाही, असा विषय होता. सरळ वाटतो. पण आमच्या धंद्यात सरळ वाटणाऱ्या गोष्टीलाच आधी उलटं करून बघतात. खुर्ची सक्तीची केली की तिकीट आलं. तिकीट आलं की काही आईबाप विमान सोडून गाडीने जातील. रस्त्यावर माणसं विमानापेक्षा कितीतरी जास्त मरतात. म्हणजे विमानात एक मूल वाचवायला जावं आणि रस्त्यावर तीन घालवावीत, असंही होऊ शकतं. सगळं एका आकड्यावर टांगलेलं होतं: किती आईबाप रस्त्याने जातील? दहात एकापेक्षा कमी, तर नियम करावा. जास्त, तर करू नये.

तो आकडा मी रजेवर जायच्या आधीच काढून ठेवला होता. विमानतळावर अकराशे चाळीस प्रवाशांना विचारलं होतं की तान्ह्या मुलाचंही पूर्ण तिकीट काढावं लागलं तर काय कराल. एकतीस पूर्णांक चार टक्के म्हणाले, रस्त्याने जाऊ. नियमाचं तिथेच बारसं आणि तिथेच तेरावं. राहिलं होतं ते एवढंच की आलेल्या हरकतींवर शेरे मारायचे आणि फाइल समितीपुढे ठेवायची.

शेऱ्यांचीही आमची पद्धत आहे. चारच शेरे. मान्य. अंशतः मान्य. अमान्य. आणि चौथा, ज्यावर आमचा मजला चालतो: नोंद घेण्यात आली. हरकतीत आकडा नसेल, नुसती आपबीती असेल, तर चौथा. भोपळ्याला भूक लागायच्या आत घरी पोचायचं होतं, म्हणून मी झपाझप मारत सुटले. दोनशे दहा, नोंद घेण्यात आली. दोनशे अकरा, नोंद घेण्यात आली. दोनशे बारा हाताने लिहिलेली होती.

"माझं मूल मी घट्ट धरलं होतं. हे पहिलं लिहिते, कारण सगळे पहिलं तेच विचारतात."

लिहिणारी बसमध्ये कंडक्टर होती. मुलगा अकरा महिन्यांचा असताना आजारी भावाला बघायला ती आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसली. उतरायच्या आधी विमान हवेत अचानक खाली गेलं. तिने लिहिलं होतं की बसमध्ये मी रोज आठ तास न धरता उभी राहते, माझे पाय आणि हात कसे आहेत ते माझं मला माहीत; पण मूल माझ्या हातातून गेलं तेव्हा ते कुणीतरी ओढून घेतल्यासारखं गेलं. ते वरच्या कप्प्याच्या कडेवर आपटलं आणि दोन रांगा मागे एका माणसाच्या अंगावर पडलं. जगलं. उजव्या कानाने त्याला आता ऐकू येत नाही. शेवटी फोन नंबर होता आणि एक ओळ: काही विचारायचं असेल तर विचारा.

मी पत्र दोनदा वाचलं. मग घड्याळ बघितलं, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: वैयक्तिक अनुभव. नोंद घेण्यात आली.

दुसऱ्या दिवशी भोपळ्याची लस होती. दवाखान्यात गर्दी, आणि हा कडेवर. एका हातात कार्ड, खांद्याला पिशवी, तोंडात पिशवीचा बंद, कारण तो सारखा सुटत होता. एक मुलगी टॅब घेऊन रांगेतल्या लोकांना विचारत येत होती की लहान मुलांसाठीच्या सोयींबद्दल समाधानी आहात का. माझ्यापाशी आली, माझ्याकडे बघून गोड हसली आणि म्हणाली, "राहू द्या ताई, तुमचे हात भरलेत." आणि माझ्या मागच्या माणसाकडे वळली. तो औषध कंपनीचा विक्रेता होता, डॉक्टरांना भेटायला आलेला. त्याने टॅब घेतला आणि लहान मुलांच्या सोयींबद्दल आपण समाधानी आहोत असं भरून दिलं.

मला हसू आलं. नवऱ्याला सांगायला बरा किस्सा झाला असं मनात म्हणत मी नंबर लागल्यावर भोपळ्याला आत घेऊन गेले. सुई टोचली तेव्हा तो कळवळून रडला, आणि त्याला छातीशी धरून पाठीवर थोपटत असताना माझा हात मध्येच थांबला.

विमानतळावर प्रश्न विचारायला आम्ही कॉलेजची मुलं नेमली होती. त्यांच्यासाठी सूचनांचा एक कागद मी केला होता. सूचना सहावी मला तोंडपाठ आठवली, कारण ती लिहिताना मी स्वतःवर खूश झाले होते: 'लहान मूल कडेवर असलेल्या प्रवाशांना थांबवून त्रास देऊ नये.' मला दिवस गेलेत हे नुकतंच कळलं होतं तेव्हा. जगातल्या सगळ्या आयांबद्दल मला माया दाटून येत होती.

ऑफिसात पोचल्यावर मी थेट दशांशकडे गेले. दशांश म्हणजे आमचा आकडेतज्ज्ञ. जेवणाच्या सुट्टीतही तो 'साधारण' हा शब्द वापरत नाही, म्हणून हे नाव. त्याला म्हटलं, मूळ नोंदी काढ, आणि दोन वर्षांखालचं मूल बरोबर असलेले किती ते सांग. त्याने कुरकुर केली, पण काढलं. अकराशे चाळिसांत एकोणीस.

मग मी विचारलं की त्या एकोणिसांपैकी रस्त्याने किती जाणार होते. एक. पाच पूर्णांक तीन, असं तो सवयीने पुटपुटला आणि लगेच म्हणाला, "पण याला टक्का म्हणायचं नसतं. एकोणिसांवरून काही सांगता येत नाही."

"मग उरलेल्या अकराशे एकविसांवरून काय सांगता येतं?"

त्याने चष्मा काढून पुसला. म्हणाला, लोक विमानात दुसऱ्याच्या पोराला कंटाळलेले असतात, एवढं सांगता येतं.

आता हे कुणाला सांगायचं आणि कसं, हा प्रश्न होता. फाइल पूर्ण होती, शेरे झाले होते. गप्प बसले असते तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. वर मी नुकती रजेवरून आलेली. आमच्याकडे रजेवरून आलेल्या बाईकडे सहा महिने असं बघतात, जणू तिचं अर्धं डोकं प्रसूतिगृहातच राहिलंय. घरी नवऱ्याला सांगितलं, त्या कंडक्टर बाईच्या पत्रासकट, तर तो म्हणाला की तुझी चूक तूच चव्हाट्यावर मांडणार, म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. सासूबाई भोपळ्याला भरवत होत्या. त्यांना आमच्या ऑफिसातलं काही कळत नाही असं आम्ही धरून चालतो. त्या चमचा न थांबवता म्हणाल्या, "धोंडा पायावर पडला तर पाय सुजतो. पोराच्या डोक्यावर पडला तर काय ते त्या बाईला विचार."

विभागप्रमुख बाईंना सगळं सांगितलं. त्या चिडतील असं वाटलं होतं. त्या उलट खुलल्या. म्हणाल्या, हीच तर आपल्या पद्धतीची ताकद, चूक आतूनच सापडते. एका कागदावर मांडा, समितीला मीच सांगेन तुम्हाला बोलू द्यायला. मी तरंगतच बाहेर आले. मला वाटलं, झालं. आकडा चुकला हे कळलं, म्हणजे आता नियम होणार.

समितीचे अध्यक्ष निवृत्त वैमानिक आहेत, सगळे त्यांना कॅप्टन म्हणतात. भला माणूस. मी बोलत असताना त्यांनी दोनदा मान हलवली आणि आपल्या नोकरीतला हादऱ्यांचा एक प्रसंगही सांगितला. समोर कंपन्यांच्या संघटनेचा प्रतिनिधी बसला होता. हा पूर्वी टेबल आपटणाऱ्यांतलाच. आता सावकाश बोलतो. त्याने पिशवीतून माझी पुस्तिका काढली. तिला चार रंगांच्या चिठ्ठ्या लावलेल्या होत्या, माझ्या स्वतःच्या प्रतीला नाहीत इतक्या. त्याने माझं मनापासून अभिनंदन केलं आणि मग कलम तीन वाचून दाखवलं: अपुऱ्या पुराव्याच्या आधारे कोणताही नियम करण्यात येऊ नये.

वाक्य माझंच होतं. त्या एका वाक्यासाठी मी बाईंशी दोन दिवस भांडले होते.

मी म्हटलं, पुन्हा विचारू या. या वेळी मूल कडेवर असलेल्यांनाच विचारू, मुलं सांभाळायला माणसं ठेवू, प्रश्न आपण स्वतः विचारू. दशांशने हिशेब केला होता, आठ महिने लागतील. कॅप्टननी चिटणिसांकडे बघितलं. चिटणीस म्हणाले की यंदाच्या कार्यक्रमातला विषय यंदाच निकाली निघावा लागतो; काढून घेतला तर पुढच्या फेरीत, म्हणजे पाच वर्षांनी. खोलीत कुणी वाईट नव्हतं. प्रत्येकजण आपापलं पान बरोबर उघडून बसला होता.

मग मी जे विचारलं ते माझ्या कागदावर नव्हतं. म्हटलं, एकतीस टक्क्यांचा आकडा खोटा आहे हे आता सगळ्यांना मान्य आहे. कालपर्यंत त्याच आकड्यावर आपण नियम नाकारणार होतो. तो गेल्यावरही नियम नाकारलाच जाणार असेल, तर मग आकड्याचं काम काय होतं?

प्रतिनिधी शांतपणे म्हणाला, "नियम करायला पुरावा लागतो, मॅडम. न करायला लागत नाही."

मी पुस्तिका चाळली. त्याचं बरोबर होतं. लिहिताना माझ्या डोळ्यापुढे टेबल आपटून वाटेल ते नियम करून घेणारी माणसं होती. नियम न होऊ देण्यासाठी कुणी माझीच पुस्तिका घेऊन येईल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. इतिवृत्तात एक ओळ आली: पुराव्याअभावी प्रस्ताव निकाली, आढाव्यातील मर्यादा प्रामाणिकपणे निदर्शनास आणल्याबद्दल संबंधितांचे कौतुक.

दोनशे बाराला उत्तर पाठवायचं होतं. ठरलेला छापील मजकूर असतो, तो माझ्याच्याने पाठवेना. जेवणाच्या सुट्टीत जिन्यात उभं राहून मी फोन लावला. मागे बसचा आवाज येत होता. ती कामावरच होती. मी कोण ते सांगितल्यावर ती म्हणाली, "वाचलंत का तुम्ही? मला वाटलं, पत्रं पोत्यात भरतात."

मी सगळं सांगितलं. नियम होणार नाही, हे सांगितलं. का होणार नाही, हेही. सूचना सहावी कुणी लिहिली, तेही. ती मध्ये मध्ये कुणाला तरी पुढे सरका म्हणत होती. माझं संपल्यावर तिने विचारलं की अख्खं तिकीट काढाल का, एवढंच विचारलं होतं ना? मी हो म्हटलं.

"अर्धं विचारायचं. आमच्या बसमध्ये शेंबड्या पोराला विचारलं तरी सांगेल, अख्खं आणि फुकट यांच्या मध्ये अर्धं असतं."

ते आमच्यापैकी कुणालाही सुचलं नव्हतं, दशांशलाही नाही.

मग तिने विचारलं की अहवालात माझ्या पोराचं काय लिहिलंय. मी म्हटलं, इजा. एका बालकास इजा झाल्याची नोंद. ती म्हणाली, कानाचं लिहिलंय? मी म्हटलं, नाही. "लिहा ना मग. त्याचं नाव घाला, माझं घाला. आम्ही लपवलेलं नाही काही." तेवढ्यात तिचा थांबा आला, तिने दोरी ओढली, घंटा मला ऐकू आली आणि फोन बंद झाला.

मी त्याच दुपारी अहवालात लिहिलं. नाव, वय, उजवा कान. दोन दिवसांनी अंतिम प्रत आली, तीत पुन्हा इजा होतं, आणि समासात बाईंचं बारीक अक्षर: 'व्यक्ती ओळखू येईल.' मी जाऊन सांगितलं की ओळखू यावी असंच तिचं म्हणणं आहे. बाई म्हणाल्या की तिच्या म्हणण्यावर नाही ना चालत. आणि मग, चांगली बातमी सांगायची राहूनच गेली अशा सुरात, म्हणाल्या की नव्या अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात तुमची ही चूक आपण उदाहरण म्हणून घेतोय. शिकवायला तुम्हीच या.

मी गेले. नाही म्हणता आलं असतं, पण बढतीचं वर्ष होतं. पडद्यावर लिहिलं होतं: उदाहरण चौथे, प्रतिसादकांची निवड. मी दवाखान्यातला औषधविक्रेता रंगवून सांगितला, तीस जण मनमोकळे हसले, सूचना सहावी सगळ्यांनी उतरवून घेतली. शेवटी मागच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं की मॅडम, मग त्या नियमाचं काय झालं?

मी सांगितलं, झाला नाही. मुलं अजून मांडीवरच बसतात. ती पुढचं ऐकायला पेन धरून थांबली होती. पुढचं काही नव्हतं. बाईंनी दाराशी चहा आल्याचं सांगितलं.

त्यानंतर महिनाभरात माझ्या बहिणीकडे जायचं निघालं. भोपळ्यासाठी मी वेगळी खुर्ची घेतली, पूर्ण तिकीट काढून, बांधायच्या आसनासकट. नवरा एका शब्दाने बोलला नाही. भोपळा त्या आसनात राजासारखा बसला आणि समोरच्या खुर्चीला लाथा मारू लागला. पलीकडच्या रांगेत एक बाई बसली होती, माझ्याच वयाची. तिच्या मांडीवर सहा-सात महिन्यांची मुलगी, टोपडं घातलेली, झोपेला आलेली. तिने आमच्या आसनाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, एवढ्याशाला अख्खी खुर्ची? लाडका दिसतोय.

दारं बंद झाली होती. विमान जागचं हललं होतं. तिला आता सांगून तिने काय करायचं होतं? उतरायचं होतं? घाबरून दोन तास काढायचे होते? हे सगळं मी नंतर जुळवलं. त्या क्षणी मी नुसती हसले आणि म्हटलं, आमचा फार वळवळतो.

ती म्हणाली, ही शांत आहे हो, हिला धरावंही लागत नाही.